कळलावीची पाटी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता आणि रत्ना खळ्यावर भात झोडत होती. अवकाळी पावसानं कापणी लांबली होती. भिजलेल्या पेंढ्या उन्हात उलट्यापालट्या करून आता कुठं त्या झोडण्याजोग्या झाल्या होत्या. बाकड्यावर पेंढी आपटली की दाणे ताडपत्रीवर पसरायचे आणि कूस अंगाला चिकटायचं. मानेला, कोपराच्या लवणीत, पोलक्याच्या आत सगळीकडं खाज सुटली होती. पोटात सकाळपासून कळा होत्या आणि कमरेला जातं बांधल्यासारखं जड वाटत होतं. पण शेजारची बनाबाई सावडीला आली होती, आज हिच्या खळ्यावर आणि उद्या तिच्या, त्यामुळं बसून चालणार नव्हतं.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेली ही वाडी. खाली गुंजवणीचं पाणी दिसायचं, मागं राजगड. घरं थोडी, आणि त्यातली कर्ती माणसं बहुतेक पुण्याला नाहीतर शिरवळच्या कंपन्यांत. रत्नाचा नवरा धनाजीही शिरवळला होता. आठवड्याच्या सुट्टीला यायचा. घरात रत्ना, सासू अंबूबाई आणि पहिलीत जाणारी शिवानी.

सकाळी रत्नाला पाळी आली होती. एरवी तशातही चूल तिच्याकडंच असायची, पण आज लक्ष्मी मांडायची होती. तिनं पडवीतूनच तसं सांगितलं तेव्हा अंबूबाई आतून म्हणाली, "मग आज आत येऊ नगंस. लक्ष्मीची पूजा म्या मांडते. उपासाचं बी माझं म्या बघते."

"तुमाला जमंल का, आत्या?"

"न जमायला काय झालं? तू यायच्या आदी म्याच बघत हुते की."

दिवाळीपासून दोघींत बोलणं बेतानंच होतं. चकलीच्या दिवशी अंबूबाईचा पाय तेलाच्या किटलीला लागला आणि भरलेली किटली जमिनीवर लवंडली. रत्ना चिडून बोलली. अंबूबाईनं उलट तिलाच सुनावलं, की मधे वाटेत किटली ठेवायची अक्कल कुणाची. सण तसाच अबोल्यात गेला होता.

"रताळी कोपऱ्यातल्या पाटीत हायत," रत्ना उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

"ठावं हाय मला," अंबूबाई म्हणाली.

कोपऱ्यात त्या दिवशी दोन पाट्या होत्या.

दुसरी पाटी कळलावीच्या मुळ्यांची होती. पावसाळ्यात बांधाबांधावर, करवंदीच्या जाळ्यांवर चढून लाल-पिवळी फुलं लावणारा हा वेल दिवाळीनंतर वाळून जातो आणि मग त्याच्या मुळ्या खणायच्या. अंबूबाईचं हे जुनं काम. पूर्वी कुणा बाईच्या कळा मंदावल्या की तिला बोलावणं यायचं. ती मुळी उगाळून बाईच्या तळपायाला आणि बेंबीखाली लेप द्यायची आणि पोर बाहेर आलं रे आलं की तो पुसून काढायची. आता बाळंतपणाला सगळ्या नसरापूरला नाहीतर भोरला जायच्या. पण मुळ्या भोरचा अमजद घेऊन जायचा. हिरडा, शिकेकाई, गुळवेल, असलं सगळं तो गोळा करायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी अंबूबाईनं रत्नाला डोंगरावर नेऊन पहिल्यांदा मुळी दाखवली होती. नांगरासारखी कोपरात वाकलेली, फिक्या सालीची. "हात कोपरापातुर धू," ती म्हणाली होती. "अंगाला लावली तर बाळंतीण सुटती. पोटात गेली तर माणूस सुटतं."

एरवी ही पाटी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असायची. यंदा पावसानं गोठा गळत होता, मुळ्यांना बुरशी धरायला लागली होती. म्हणून रत्नानं पाटी घरात आणून, वर पोतं टाकून कोपऱ्यात ठेवली होती. रताळ्यांच्या पाटीपासून हातभर अंतरावर. डोळे असलेल्या कुणाही माणसाला फरक कळला असता.

दुपार कलल्यावर रत्ना पाणी प्यायला घरी आली तर मागच्या दारी ओकारीचा आवाज. अंबूबाई मोरीच्या दगडावर दोन्ही हात टेकून बसली होती. लुगडं घाण झालं होतं. एवढी टापटिपीची बाई, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"आत्या, काय हुतंय?"

"पित्त झालंय. उपासाचं." बोलताना तिची जीभ जड पडत होती. "घसा नुस्ता जळतोय. आन् ओठ बधिर झाल्यात."

रत्नानं तिला पाणी पाजलं. ते तसंच्या तसं बाहेर आलं. पाठीवरून हात फिरवताना तिला जाणवलं, अंग गार पडलंय आणि घामानं चिंब आहे.

"काय खाल्लं तुमी?"

"दुसरं काय खाणार? रताळी उकडली. गुळाच्या खड्यासंगट खाल्ली." मग धाप लागली असताना ती म्हणाली, "शिवानीला ठेवल्यात. वाटीखाली झाकून. शाळंतनं आली की दे."

रत्ना उंबऱ्याशी थांबली. आत पाटावर लक्ष्मी मांडलेली होती. कलशाला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती, पण ती वाकडी, एकावर एक गेलेली. क्षणभर ती तशीच उभी राहिली आणि मग उंबरा ओलांडून आत गेली.

चुलीशेजारी ताटलीवर वाटी पालथी घातलेली होती. तिनं ती उचलली. खाली उकडलेल्या दोन मुळ्या होत्या. साल न काढलेल्या. दोन्ही कोपरात वाकलेल्या.

रत्ना वाटी हातात धरून उभी राहिली. काही तरी करायला हवं हे कळत होतं, पण पाय हलत नव्हते. कोपऱ्यात रताळ्यांची पाटी जशीच्या तशी भरलेली होती. दुसरीवरचं पोतं बाजूला सारलेलं होतं. बाहेर रस्त्यावर शाळेतल्या पोरांचा आवाज यायला लागला, त्यात शिवानीचाही होता, आणि त्या आवाजानं तिचे पाय सुटले. तिनं दोन्ही मुळ्या फडक्यात बांधल्या, फडकं कमरेला खोचलं, पोरीला अंगणातच अडवून खळ्यावरून आलेल्या बनाबाईच्या हातात दिलं.

"हिला घरात जाऊ दिऊ नगं. कायबी खाऊ दिऊ नगं. घोटभर पानी बी हितलं दिऊ नगं."

"अगं पर झालंय काय?" बनाबाईनं विचारलं.

"आत्यांनी कळलावी खाल्ली."

बनाबाईनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं.

वाडीत इंद्रजितचा टेम्पो होता. त्यात पेंढ्यांवर अंबूबाईला निजवलं. रत्ना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत अंबूबाईच्या पोटातलं खालूनही सुटलं. टेम्पो वळणावर वळला की ती पोटाशी पाय घ्यायची आणि रत्नाचा दंड इतका आवळून धरायची की तिथं नखं उमटली. रत्ना एका हातानं मोबाईल धरून धनाजीला सांगत होती आणि तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता, "पर खाल्लीच कशी? आईनं? आईनं खाल्ली?"

नसरापूरला डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं विचारलं, "काय खाल्लंय यांनी? कुणाला माहीत आहे?"

रत्नानं कमरेचं फडकं सोडून तिच्यापुढं धरलं. "कळलावी."

डॉक्टरीणबाईनं मुळी चिमट्यात धरून पाहिली, फोटो काढला, कुणाला तरी फोन लावला. मग वळून म्हणाली, "हे आणलंत ते फार बरं केलंत. नाहीतर आम्ही शोधतच बसलो असतो. पण तुम्हाला कसं कळलं हे कळलावीचं आहे?"

"म्याच खणून आणल्यात," रत्ना म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं ते लिहून घेतलं. विषाची केस म्हणून चौकीवर कळवावंच लागायचं. ते वाक्य तिथं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा त्यानं तेच वाचून सुरुवात केली.

तोवर धनाजी आला होता, अंगात कंपनीचाच शर्ट. आंबवड्याला दिलेली त्याची बहीण सोनिया नवऱ्याला घेऊन आली होती. इंद्रजितही थांबला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर इतर पेशंटांची माणसं डबे उघडून बसली होती. हवालदार मोठ्यानं बोलणारा होता. मुद्दाम नव्हे, त्याचा आवाजच तसा होता.

"मुळी तुम्ही आणली. घरात तुम्ही ठेवली. ओळखता बी तुम्हीच. बरोबर?"

"व्हय."

"सैपाक कोण करतं घरात?"

रत्ना उत्तर देणार तोच सोनिया म्हणाली, "वहिनीच करती. आईनं चूल सोडून लई वरसं झाली. आई साधा चा बी करत न्हाई." तिचा स्वर रडवेला होता. "आन् दिवाळीपास्नं दोघीत बोलणं न्हवतं. आईनंच मला फोनवर सांगितलं."

धनाजीनं मान वर करून बहिणीकडं पाहिलं. मग रत्नाकडं.

"मग काल सैपाक कुणी केला?" हवालदारानं विचारलं.

"आत्यांनी," रत्ना म्हणाली.

"कालच कसा केला? तुम्ही कुठं होता?"

"बाहेरची हुते."

"बाहेर म्हणजे कुठं? गावाला?"

"न्हाई. घरीच."

"अहो, एकदा बाहेर म्हणता, एकदा घरी म्हणता. नीट सांगा."

रत्नानं सोनियाकडं पाहिलं. सोनियाला कळलं होतं, पण ती खाली बघत राहिली. बाकावरच्या एका माणसानं भाकरीचा घास हातातच धरला होता. रत्नाची कानशिलं तापली. अंगावरचं लुगडं कालचंच होतं, टेम्पोतल्या डागांचं, आणि त्यात तिचे स्वतःचे डाग मिसळले असतील या भीतीनं ती सकाळपासून भिंतीला पाठ लावून उभी होती.

"पाळी हुती," ती म्हणाली. "म्हणून चुलीपाशी ग्येले न्हाई."

हवालदारानं पेन थांबवलं. मग खाकरून ते लिहून घेतलं. "याला साक्षीदार?" त्यानं विचारलं आणि विचारताना त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं वर पाहिलं नाही.

"बनाबाई. संगट झोडत हुती."

"तिला बी विचारू," तो म्हणाला. "आजीबाई शुद्धीवर आल्या की मग बघू. गाव सोडू नका."

तो गेल्यावर धनाजीनं रत्नाला जिन्याखालच्या नळापाशी नेलं. त्याचा चेहरा जागरणानं सुजला होता. तो दरडावून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रत्ना, म्या तुला वंगाळ म्हणत न्हाई," तो हळू बोलला. "आईचं तोंड फटकळ हाय, मला ठावं हाय. माणसाचा तोल जातो. रागाच्या भरात येखादं हुतं. तसलं कायी असंल तर मला आत्ताच सांग. म्या बघतो काय करायचं ते."

तिला आधी तो काय म्हणतोय ते समजलंच नाही. नळाखालची बादली भरून वाहत होती. तिनं वाकून नळ बंद केला आणि वाकलेली असतानाच ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

"शिवानीला ठेवलं हुतं त्यातलं," ती उभी राहत म्हणाली. "वाटीखाली. माझ्या पोरीला."

"ते तूच सांगतीस," धनाजी म्हणाला.

तो पुढंही काही बोलला. तिला ऐकू आलं नाही. कानात नुसता वारा भरल्यासारखं झालं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं कधी हात उचलला नव्हता, कधी दारू पिऊन आला नव्हता, वाडीतल्या बायका तिला नशीबवान म्हणायच्या. ती त्याच्या शर्टावरच्या कंपनीच्या शिक्क्याकडं बघत राहिली. त्याचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. तिनं तो काढला नाही. तो हात तिथं आहे हेच जणू तिला लांबून कळत होतं.

पुढचे दिवस अंबूबाई काठावर होती. जुलाब थांबले तर लघवी थांबली, ती सुटली तर ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाली, रक्तातल्या पेशी कमी झाल्यात, आता कुणी जवळ जायचं तर हात धुऊन, तोंड बांधून. एकालाच आत सोडायचे. सोनिया आत बसायची. रत्ना खालून दूध घेऊन आली की सोनिया दारातच भांडं घ्यायची, आणि एकदा रत्ना जिन्यावरून वळून बघते तर सोनिया ते दूध बेसिनमध्ये ओतत होती. रत्ना परत फिरली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं दूध आणलं नाही.

ती जिन्याखाली चवड्यावर बसून राहायची. झाडलोट करणाऱ्या एका बाईनं तिला न विचारता एक धुतलेली साडी आणि कागदात गुंडाळलेले पॅड आणून दिले, न्हाणीघर कुठं आहे ते दाखवलं. रत्नानं तिथं दार लावून घेतलं आणि अंगावर गार पाणी ओतलं. तेव्हा पहिल्यांदा तिच्या दातावर दात आपटायला लागले, ते थांबेचनात.

ती मनात पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्यात जात होती. पाटी आपणच घरात आणली. गोठ्यात बुरशी धरली असती तर धरली असती. पोतं नुसतं टाकलं, बांधलं का नाही? कोपऱ्यातल्या पाटीत एवढंच सांगितलं, कुठल्या पाटीत ते का सांगितलं नाही? पण मग त्यापुढं तिचा विचार अडायचा. आख्खा जन्म ज्या बाईनं ही मुळी हाताळली तिनं ती रताळं म्हणून चुलीवर ठेवलीच कशी? याला उत्तर नव्हतं. आणि उत्तर नव्हतं म्हणूनच धनाजीला ते तिच्यात दिसत होतं, हेही तिला कळत होतं.

मग एका सकाळी अंबूबाईनं डोळे उघडून पाणी मागितलं. दुपारपर्यंत ती बोलायला लागली. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. हवालदाराला कळवलं. तो आला तेव्हा डॉक्टरीणबाईनं सगळ्यांनाच आत येऊ दिलं. रत्ना दाराच्या चौकटीशी थांबली.

"आजी, त्या दिवशी खाणं कुणी शिजवलं?" हवालदारानं विचारलं.

"म्या," अंबूबाई म्हणाली.

"कुणी दिलं शिजवायला?"

"कोण देतंय? माझ्या हातानं घेतलं. रत्ना खळ्यावं हुती. तिचा चुलीला हात न्हाई त्या दिशी."

सोनियानं तोंडावर पदर घेतला. हवालदारानं लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. "इथं लावा."

अंबूबाईनं हात पुढं केला. तो डबीच्या बाजूनं हवेत गेला. तिनं परत आणला, पुन्हा पुढं केला, आणि चादर चाचपली.

"हितं, आजी. समोर."

"व्हय, व्हय," ती म्हणाली, आणि तिचा अंगठा हवालदाराच्या मनगटावर टेकला.

डॉक्टरीणबाई पुढं झाली, खिशातली बॅटरी काढून अंबूबाईच्या डोळ्यांवर धरली. एक डोळा, मग दुसरा. बुबुळांच्या मधोमध दूध सांडल्यासारखं पांढरं होतं.

"यांना दिसत नाही," ती वळून म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उजेड-अंधार कळत असेल, तेवढंच. किती दिवसांपासून आहे हे?"

ती धनाजीला विचारत होती. धनाजी आईकडं बघत होता. "दिसतं की तिला," तो म्हणाला. "चालती-फिरती की ती. डोंगरावर जाती."

"आई?" सोनिया म्हणाली.

अंबूबाईनं हात मागं घेऊन छातीवर ठेवला.

"मागल्याच्या मागल्या पावसाळ्यापास्नं," ती शेवटी म्हणाली. "आदी धुकं वाटायचं. मग धुकंच ऱ्हायलं."

"मग सांगितलं का न्हाईस?" धनाजीचा आवाज चिरकला.

"काय सांगू? माझ्या आईचं डोळं ग्येलं तवा तिला कोपऱ्यात बशिवली. तितंच जेवाण, तितंच समदं. ती मरूस्तवर कुणी तिला अंगणात न्हेली न्हाई." ती थांबून थांबून बोलत होती. "डोंगराची वाट पायाला ठावं हाय. घर हाताला ठावं हाय. म्हणलं, जातील असंच दीस. दुसरी पाटी घरात आलीया ते मला ठावंच न्हवतं. त्या दिशी पाटीत हात घातला, बोटं थंडीनं बधिर हुती. रताळंच वाटलं. जरा कडसार लागलं, तर म्हणलं पावसानं नासलं आसंल." मग तिनं मान दाराच्या बाजूला वळवली, पण थोडी चुकीच्या दिशेला. "पोरीनं खाल्लं न्हाई न्हवं, रत्ना?"

"न्हाई, आत्या," रत्ना दारातून म्हणाली.

अंबूबाईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिचे ओठ हलत होते. ते पोरीचं नाव होतं.

रत्ना चौकटीला धरून उभी होती. तिला एकामागून एक दिसत होतं. तांदळातले खडे वेचायला घेतले की सासू ते ताट तिच्याकडं सरकवायची आणि म्हणायची, जवान डोळं हायत तुझं. सुईत दोरा घालायला सांगायची. कार्तिकात बांधावर दगडावर बसून नुसता हात करायची, तितं खण, तितं. रत्नाला वाटायचं, म्हातारी हुकूम सोडायला शिकलीय. आणि लवंडलेली तेलाची किटली. आणि कलशावरची वाकडी बोटं. एका छपराखाली, एका चुलीवरचं खाऊन, दोन पावसाळे, आणि आपण त्या तोंडाकडं कधी नीट बघितलंच नाही. रागानं बघितलं, तेवढंच.

हवालदारानं स्वतः अंबूबाईचा अंगठा धरून शाईत बुडवला, कागदावर टेकवला. जाताना तो रत्नापाशी थांबला. "झालं, बाई," तो म्हणाला, या वेळी हळू. "आमचं काम असतं."

सोनिया त्या संध्याकाळी जिन्याखाली आली. रत्नाच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं काही तरी सांगायला सुरुवात केली, ते रडण्यात बुडालं. रत्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सोनियाचा राग तिला समजत होता. आई मरत असताना माणूस कुणावर तरी भुंकतंच. सोनियानं निदान ते तोंडावर, सगळ्यांदेखत केलं होतं.

धनाजी आला नाही. तो वॉर्डात आईच्या पायाशी बसून होता आणि रत्ना आत आली की उठून बाहेर जात होता.

अंबूबाईला घरी आणलं तेव्हा वाडीतली भातं झोडून संपली होती. बनाबाईनं रत्नाचीही झोडून, पोती भरून ठेवली होती. पोरीला तिनं आपल्याच घरी ठेवलं होतं. रत्नानं आल्याआल्या कळलावीची पाटी उचलली आणि गोठ्यामागं कुदळीनं खड्डा घ्यायला लागली. जमीन वाळून कडक झाली होती. धनाजी आला, कुदळीसाठी हात पुढं केला. "आण हिकडं."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. अमजद नंतर भोरहून आला, सगळं ऐकून दारातूनच अंबूमावशीची चौकशी केली, मुळ्यांचं नावही काढलं नाही, आणि केळ्यांची फणी ठेवून गेला.

अंबूबाईचे केस गळायला लागले. डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं होतं, ही विषाची खूण आहे, पुन्हा येतात. पण उशीवर ते पुंजक्यापुंजक्यानं पडलेले बघून शिवानी किंचाळत बाहेर पळाली. रत्ना पोरीला घेऊन आली, आजीजवळ बसवलं. दोन दिवसांत डोकं गुळगुळीत झालं. अंबूबाईनं तळव्यानं ते चाचपून पाहिलं.

"समदं ग्येलं का गं?"

"व्हय, आत्या."

"बरं झालं. विंचरायचा ताप ग्येला." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "कसं दिसतंय?"

रत्नानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता ती रोज बघत होती. "शिवानी बारशाला दिसत हुती तसं," ती म्हणाली.

अंबूबाई हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. अंगात ताकद आली की डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, आणि तोवर रोज उन्हं उतरल्यावर रत्ना तिला हाताला धरून बांधापर्यंत नेऊन आणायची. कोपऱ्यात बसवायचं नाही, हे कुणी बोललं नव्हतं, पण झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी धनाजी आला. येताना आईला टॉनिक आणि शिवानीला खाऊ आणला होता. रत्नाला हिरव्या काठांची साडी आणली होती. ती त्यानं पिशवीसकट कपाटावर ठेवली आणि काही म्हणाला नाही. संध्याकाळी तिघं जेवायला बसली. शिवानी आजीला टेकून होती. रत्नानं नव्या तांदळाचा भात, वरण, वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. तिनं धनाजीपुढं ताट ठेवलं.

त्यानं ताटाकडं पाहिलं. घास घ्यायला हात पुढं गेला आणि भरतापाशी थांबला. फार नाही. कुणी दुसरं असतं तर त्याच्या ध्यानातही आलं नसतं. कदाचित त्याच्याही आलं नाही. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"थांबा," रत्ना म्हणाली.

ती पुढं झाली, त्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावून तोंडात घातला. चावला. मग वरणभाताचं एक बोट चाटलं. गिळलं. पाण्याचा तांब्या उचलून त्यातलं घोटभर पाणी प्याली आणि तो त्याच्या उजव्या हाताला ठेवला.

"आता जेवा," ती म्हणाली.

"असं नगं करू, रत्ना."

"तुमच्या मनाला बरं."

"माझ्या मनात तसलं कायबी न्हाई." तो तिच्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता, जिन्याखाली तिचा पडला असेल तसा. "चुकलं माझं. त्या वक्ताला मला कायबी सुधरत न्हवतं."

"मला सुधरत हुतं," रत्ना म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती. "म्हणून माझ्या ध्यानात हाय."

शिवानी एकदा बापाकडं, एकदा आईकडं बघत राहिली. अंबूबाईनं मान उचलली. "काय झालं? का थांबलासा?"

"कायी न्हाई, आत्या."

"मग मला वाढ की. भूक लागलीया."

रत्नानं सासूच्या ताटात भात वाढला, वरण ओतलं, तिचा हात धरून ताटावर ठेवला. अंबूबाईनं भात कालवला आणि मोठा घास घेतला, काय आहे ते न विचारता. तिच्या घशाला अजून जखम होती. प्रत्येक घासाला मान पुढं काढून ती तो खाली उतरवत होती.

धनाजी हातातला तुकडा धरून बसला होता. रत्ना उठली आणि तव्यावरची दुसरी भाकरी उलटायला गेली. तिची पाठ त्याच्याकडं होती. भाकरी फुगली, तिनं ती काढली, तिसरी थापायला घेतली. मागून त्याच्या चावण्याचा आवाज येईल म्हणून तिचा कान तिकडं होता, आणि तो बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शिरवळची गाडी गाठायची होती. ती डबा भरत असताना तो दारात येऊन उभा राहिला. रत्नानं डब्यातला एक घास काढून खाल्ला, झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.